गुंगी आणि झोप

मराठीत झोपेसाठी शब्द पुष्कळ आहेत. पेंग येते, डुलकी लागते, जेवणानंतर घटकाभर वामकुक्षी होते, श्रमलेल्या माणसाला गाढ झोप लागते. या सर्वांच्या जवळचा, परंतु त्यांच्या पंक्तीत न बसणारा आणखी एक शब्द आहे. तो म्हणजे गुंगी. झोप लागते, गुंगी मात्र चढते. सामान्य माणसाने आपल्या बोलीत सहज केलेला हा भेद प्रयोगाने सिद्ध करण्यास शास्त्राला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

ज्यांच्या घरी दीर्घकाळचे दुखणे असते, त्यांना या भेदाचा अनुभव असतो. रात्रभर तळमळणाऱ्या माणसाला दुखणे थांबविणारे औषध दिले की तो निपचित पडतो. घरातील माणसे म्हणतात, बरे झाले, झोप लागली. सकाळी तोच रुग्ण म्हणतो, डोळ्याला डोळा लागला नाही, अंग जड झाले आहे. दोघेही खोटे बोलत नसतात. हे असे का होते, आणि ते माणसाच्या ध्यानात कसे आले, याची हकीकत आज सांगावयाची आहे. मी वैद्य नव्हे. इतिहास शिकविणे हा माझा व्यवसाय. तेव्हा औषधाची योजना करण्याचा अधिकार मला नाही. परंतु औषधांनाही इतिहास असतो आणि तो ऐकून ठेवण्याजोगा असतो.

या इतिहासाचा प्रारंभ एका रोपापासून होतो. आपल्या स्वयंपाकघरातील खसखस हे त्याचे बी आणि त्याच्या हिरव्या बोंडांना चिरा दिल्यावर पाझरणारा चीक म्हणजे अफू. १७५३ साली लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने वनस्पतींना नावे देताना या रोपाला ‘निद्रा आणणारे’ अशा अर्थाचे लॅटिन विशेषण जोडले. आपल्याकडे शार्ङ्गधरसंहितेत अफूचा उल्लेख आहे. गोव्यात राहून वैद्यकी करणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात अफूवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. खंबायतच्या बाजारात येणारी अफू मुख्यत्वे माळव्यात पिकते, हे त्याला ठाऊक होते. अफू खाणारी माणसे दिवसाढवळ्या पेंगत हिंडतात, हेही त्याने नमूद करून ठेवले आहे. रात्रीची झोप देणारी वस्तू दिवसाही झोपेत ठेवते, हे निरीक्षण आज साडेचारशे वर्षांनंतरही बदलावे लागलेले नाही.

माळव्याचा उल्लेख आलाच आहे, तर इंदूर-ग्वाल्हेरच्या श्रोत्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट येथेच सांगतो. मंदसौर आणि नीमच हा अफूचा मुलूख शिंदे सरकारच्या राज्यात होता. रामपुरा-भानपुऱ्याचा भाग होळकरांकडे होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारचा मक्ता चुकवून माळव्याची अफू पोर्तुगीजांच्या दमण बंदरातून चीनकडे जात असे आणि त्या व्यापारात गोव्यातील व्यापाऱ्यांचाही हात होता. आजही या भागात सरकारी परवान्याने अफूची लागवड होते आणि नीमच येथे तिच्यापासून औषधी द्रव्ये काढण्याचा सरकारी कारखाना आहे. या कारखान्याकडे आपल्याला शेवटी पुन्हा यावयाचे आहे.

अफूच्या निद्रेवर लोकांचा विश्वास किती होता, याची साक्ष आपल्या मराठी मुलखातील बाळगोळी देईल. तान्ह्या मुलाने रडू नये, आईला कामावर जाता यावे, म्हणून अफू घातलेली लहानशी गोळी मुलाला चाटविण्याची रीत होती. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांत ती सर्रास चालत असे. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या कामगारविषयक शाही आयोगाच्या अहवालानेही तिची दखल घेतली. त्या मातांना दोष देणे सोपे आहे. दिवसभर साच्यावर उभे राहणाऱ्या बाईपुढे दुसरा मार्ग कोणता होता, हेही विचारले पाहिजे. परंतु शांत पडलेले मूल झोपेत आहे की गुंगीत आहे, हे पाहणाऱ्याला कळत नव्हते. गुंगीतले मूल दूध पीत नाही, म्हणून ते खंगते. मात्रा थोडी अधिक झाली तर त्याचा श्वास मंदावत मंदावत थांबतो. गुंगी आणि मृत्यू यांच्यामधली ही पायरी ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज पडेल.

आता जर्मनीत जाऊ. पाडेरबोर्न गावातील एका औषधालयात फ्रीड्रिख झेर्ट्युर्नर नावाचा विशी ओलांडलेला मदतनीस होता. अफूची एक खेप गुण देते, दुसरी देत नाही आणि तिसरी माणूस मारते, याचे कारण तिच्यातील मुख्य द्रव्याचे प्रमाण सारखे नसते, असे त्याला वाटले. १८०५ सालच्या सुमारास त्याने ते द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केले. आधी जनावरांवर आणि नंतर स्वतःवर व तीन तरुणांवर त्याने त्याचा प्रयोग केला. अर्धा ग्रेन, मग पुन्हा अर्धा, मग पुन्हा अर्धा, असे तासाभराच्या आत त्यांनी घेतले. आजच्या मापाने ही मात्रा नव्वद मिलिग्रॅमच्या आसपास जाते. आज डॉक्टर तोंडावाटे प्रारंभ करतात तो पाच-दहा मिलिग्रॅमपासून. चेहरे लाल झाले, मळमळ सुटली, चक्कर आली आणि सर्व जण गुंगीत पडू लागले. तेव्हा घाबरून त्याने सर्वांना तीव्र शिर्का पाजून ओकाऱ्या काढल्या. १८१७ साली हे सर्व त्याने प्रसिद्ध केले. आधुनिक वेदनाशामकाच्या पहिल्याच वृत्तान्तात त्याचे दुष्परिणाम असे प्रामाणिकपणे नोंदलेले आहेत. द्रव्याला त्याने नाव दिले ते ग्रीक पुराणातील स्वप्नांचा देव मॉर्फियस याच्यावरून. तेच आपले मॉर्फिन.

हे नाव किती फसवे ठरले, ते पुढे सांगतो. पण स्वप्ने आणि अफू यांचा संबंध त्याच काळात इंग्रज साहित्यिकांनी जगाला दाखवून दिला. कवी कोलरिज याने १८०३ साली ‘निद्रेच्या यातना’ अशा अर्थाच्या नावाची कविता लिहिली. ती १८१६ साली छापली गेली. थॉमस डी क्विन्सी याने १८०४ साली दुखण्यावर उपाय म्हणून लंडनच्या एका औषधविक्रेत्याकडून अफूचा अर्क घेतला आणि १८२१ साली आपली सर्व कहाणी प्रसिद्ध केली. प्रारंभीचे सुख आणि पुढे अशी भयाण स्वप्ने की निजण्याचीच धास्ती वाटावी, असा तिचा क्रम आहे. वाचकांनी ते पुस्तक चवीने वाचले. वैद्यांनी मात्र ते साहित्य म्हणून बाजूला ठेवले. एका रुग्णाची ती साक्ष आहे, असे फार थोड्यांना वाटले.

यापुढे एक विलक्षण क्रम सुरू होतो. नवे औषध किंवा नवी रीत येते. जुन्यातील दोष हिच्यात नाही, असे सांगितले जाते. सर्व जण ते मानतात. आणि पुष्कळ वर्षांनी दोष उघडकीस येतो. १८५३ साली एडिंबरोच्या अलेक्झांडर वुड या डॉक्टरने त्वचेखाली सुईने औषध टोचण्यास आरंभ केला. तोंडावाटे घेतल्याने अफूची सवय लागते. टोचल्याने ती लागणार नाही, अशी समजूत पसरली. १८७० साली क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज डॉक्टरने शंका बोलून दाखविली. महिनोन्‌महिने मॉर्फिन टोचून घेणारे आपले रुग्ण बरे होत नाहीत आणि टोचून घेणे सोडूही शकत नाहीत, हे त्याच्या लक्षात आले होते. १८७७ साली बर्लिनच्या एदुआर्द लेव्हिन्श्टाइन याने या व्यसनावर संपूर्ण ग्रंथच लिहिला. औषध तोडल्यावर अस्वस्थता, घाम, जुलाब आणि झोपेचे संपूर्ण खोबरे होते, हे त्यात सविस्तर आले आहे. ज्या औषधाने झोप आणली, तेच सोडताना झोप घेऊन जाते, ही गोष्ट तेथून पुढे कोणाला नाकारता आली नाही.

तरीही क्रम थांबला नाही. १८९७ सालच्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत फेलिक्स हॉफमान या रसायनशास्त्रज्ञाने दोन द्रव्ये सिद्ध केली. एकाला आपण ॲस्पिरिन म्हणतो; दुसऱ्याचे नाव हेरॉइन. हे दुसरे १८७४ साली लंडनमध्ये एकदा तयार झाले होते आणि विसरले गेले होते. १८९८ पासून ते खोकल्यावरील आणि दुखण्यावरील निर्धोक औषध म्हणून बाजारात आले. मॉर्फिनची सवय जडते, याची नाही, असा भरवसा देण्यात आला. १९१३ साली कंपनीने त्याचे उत्पादन बंद केले, तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. पुढे १९३९ साली पेथिडीन आले, तेव्हाही तीच आशा आणि तोच शेवट. १९९६ साली अमेरिकेत ऑक्सिकोडोनच्या दीर्घकाळ काम करणाऱ्या गोळ्या आल्या, त्यांच्या व्यसनाचा धोका कमी आहे असे डॉक्टरांना सांगण्यात आले आणि २००७ साली त्या कंपनीने न्यायालयात दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला. मधल्या काळात किती घरे उद्ध्वस्त झाली, ते जगाने पाहिले.

आता झोपेच्या प्रश्नाकडे वळू. १९५३ साली शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन या दोघांनी झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या हालचाली तपासल्या. झोप ही एकसारखी वस्तू नाही, हे तेथे सिद्ध झाले. रात्री हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नांची झोप यांची आवर्तने एकामागून एक चालू असतात. या शोधामुळे गुंगी आणि झोप यांची तुलना मोजमाप घेऊन करता येऊ लागली. १९६९ साली अमेरिकेतील लेक्सिंग्टन येथील व्यसनविषयक संशोधनकेंद्राने मॉर्फिन टोचलेल्या माणसांच्या मेंदूच्या लहरी रात्रभर नोंदल्या. प्रयोगास बसलेली माणसे पूर्वी व्यसनात असलेले कैदी होते. कैद्यांवर प्रयोग करण्याच्या त्या प्रथेवर पुढे कठोर टीका झाली. परंतु निष्कर्ष स्पष्ट होता. मॉर्फिनच्या मात्रेबरोबर स्वप्नांची झोप घटली, गाढ झोप घटली आणि हलकी झोप व जागेपण वाढले. स्वप्नांच्या देवाचे नाव धारण करणारे औषध स्वप्नांचीच झोप हिरावून घेते, हे असे उमगले. स्वप्ननिद्रा दाबणारे औषध थांबविले की ती पुष्कळदा अधिक जोराने परत येते. भयाण स्वप्नांचे एक कारण यात असावे.

प्रारंभी सांगितलेल्या घरातील विसंगतीचे उत्तर यात आहे. पाहणाऱ्याला दिसते ती स्थिरता. रुग्णाला जाणवते ती विश्रांतीची उणीव. याचा अर्थ औषध देऊच नये असा मात्र नाही. तीव्र वेदना स्वतःच झोपेचा सर्वांत मोठा शत्रू आहे आणि ती शमल्यावर एकंदरीत झोप सुधारते, असे पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत घडते. औषधाने काय मिळते आणि त्याच्या मोबदल्यात काय जाते, याचा हिशोब दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे, एवढेच.

साध्या गोळ्यांच्या बाबतीतही हिशोब चुकत नाही. ॲस्पिरिन १८९९ पासून घरोघर गेले. १९३८ साली लंडनच्या गाय रुग्णालयातील दोन डॉक्टरांनी नळी घालून पोटात पाहिले, तेव्हा त्या गोळीने जठराचे अस्तर लाल होऊन सुजते, हे प्रथम डोळ्यांना दिसले. १९७१ साली जॉन व्हेन यांनी कारण शोधून काढले. शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होण्याचे ॲस्पिरिन थांबविते. त्यामुळे वेदना आणि सूज ओसरते, परंतु जठराचे संरक्षणही कमी होते. या शोधाला १९८२ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. त्याच सुमारास जपानमधील ओसामू हायाइशी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की याच कुळातील एक द्रव्य मेंदूत झोप आणण्याचे काम करते. १९९४ साली अमेरिकेत निरोगी माणसांवर केलेल्या एका अभ्यासात ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन घेतलेल्या रात्री वारंवार जाग आल्याचे आढळले. डोकेदुखीच्या काही गोळ्यांत कॅफीन मिसळलेले असते; अशी गोळी निजताना घेणे म्हणजे कडक कॉफी पिऊन अंथरुणावर पडणेच होय. सांधेदुखीवर दिली जाणारी स्टेरॉइडे संध्याकाळी घेतली तर रात्री डोळा लागत नाही. ट्रॅमाडॉल हे औषध १९७७ साली जर्मनीत आले आणि सौम्य म्हणून जगभर पसरले. त्याने कोणाला पेंग येते, तर कोणाची झोप उडते. २०१८ साली भारत सरकारला ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावे लागले.

बाळगोळीच्या वेळी सांगितलेली पायरी आता आठवावी. अफूच्या कुळातील औषधे मेंदूतील श्वासाच्या केंद्राला मंद करतात. दीर्घकाळ ती घेणाऱ्या काही रुग्णांचा श्वास झोपेत थोडा थोडा वेळ थांबतो, असे या शतकाच्या प्रारंभीपासूनच्या अभ्यासांत आढळून आले आहे. रुग्णाला त्याची खबर नसते. सकाळची डोकेदुखी आणि दिवसभरचा थकवा तेवढा जाणवतो. मग झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी, तिच्यावर कोणी थोडी दारू, आणि तीन गुंग्या एकत्र येतात. २०१६ साली अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्याने अफूच्या कुळातील औषधे आणि झोपेच्या वा चिंता कमी करणाऱ्या काही गोळ्या एकत्र घेण्याविषयी वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने.

श्रोतेहो, हे ऐकून कोणाला वाटेल, मग दुखणे सोसावे हेच बरे. तसे समजू नये. आपल्या देशाने ही चूकही करून पाहिली आहे. १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा झाला. व्यसनाला आळा घालावा, हा त्याचा हेतू योग्यच होता. परंतु त्यातील परवान्यांच्या गुंतागुंतीमुळे रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. नीमचच्या कारखान्यात मॉर्फिन तयार होत होते आणि तेथून दूर नसलेल्या शहरांत कर्करोगाचे रुग्ण त्यावाचून तळमळत मरत होते. केरळातील डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि पुढच्या वर्षी मॉर्फिनसह सहा औषधांसाठी सर्व राज्यांना लागू होणारे सुलभ नियम आले. मुंबईत १९८६ साली सुरू झालेल्या आणि पुढे गोव्यातही काम करणाऱ्या शांती आवेदना या संस्थेने त्याच्या कितीतरी आधी दाखवून दिले होते की वेळेवर आणि मोजून दिलेले औषध माणसाचे शेवटचे दिवस सुसह्य करते. लंडनमध्ये १९६७ साली सिसिली सॉन्डर्स यांनी हीच रीत घालून दिली होती. वेदना असह्य होईपर्यंत थांबू नये. घड्याळ पाहून ठरलेल्या वेळी औषध द्यावे आणि प्रत्येक वेळी रुग्णाला विचारावे, असे त्यांचे सांगणे होते.

सोसण्यात पुण्य आहे, अशी समजूत आम्हा ख्रिस्ती घरांत पुष्कळदा आढळते. ती इतर घरांतही काही कमी नाही. अशांना सांगावयास हवे की १९५७ साली इटलीतील भूलतज्ज्ञांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना पोप बारावे पायस यांनी, दुसरा उपाय नसेल तर, वेदना शमविण्यासाठी गुंगी आणणारे औषध घेण्यास धर्माची आडकाठी नाही, असे स्पष्ट केले होते.

मग या इतिहासातून घरी न्यावयाचे काय? नवे औषध सुरू झाले की दिवसाची पेंग, रात्रीची जाग, वाईट स्वप्ने, बद्धकोष्ठ, मळमळ यांची दिनांकवार टिपणे ठेवावीत आणि ती डॉक्टरांपुढे ठेवावीत. इतर कोणत्या गोळ्या चालू आहेत, दारू घेतली जाते का, रुग्ण घोरतो का, हे न विचारताही सांगावे. औषध आपल्या मनाने वाढवू नये आणि आपल्या मनाने एकदम तोडूही नये. सोडावयाचे ते डॉक्टरांच्या सल्ल्याने पायरीपायरीने. स्वतःला मानवलेली गोळी शेजाऱ्याला देऊ नये. औषध घेतलेल्या माणसाचा श्वास मंद किंवा अडखळत चाललेला दिसला, हलवूनही तो नीट जागा झाला नाही, तर त्याला झोपू द्या असे म्हणू नये. ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

ऑलबटसारख्या डॉक्टरांजवळ यंत्रे नव्हती. रुग्ण काय सांगतो ते त्यांनी ऐकले आणि ते खरे मानले, एवढेच त्यांचे साधन होते. ते साधन आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात आहे. दुखण्याईताने सकाळी उठून झोप लागली नाही असे म्हटले, तर रात्री घोरत होतात की, असे म्हणून त्याला गप्प करू नये. तो काय म्हणतो ते ऐकावे, टिपून ठेवावे आणि ज्याला ते कळते त्याच्यापर्यंत पोहोचवावे.